टॅल्बट

टॅल्बट : वेगवान व उंची मोटारगाड्यांचे एक ब्रिटिश व्यापारनाम. या नावासाठी आखलेली एक मोटारगाडी पुढे ‘प्यूजो ३०९’ म्हणून ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवली परिसरात तयार होत असे.

फ्रेंच कारखानदार आदोल्फ क्लेमाँ यांच्या गाड्या ब्रिटनमध्ये विकण्यासाठी १९०३ मध्ये क्लेमाँ-टॅल्बट कंपनी निघाली. टॅल्बट हे तिचे आश्रयदाते अर्ल ऑफ श्रूझबरी यांचे कुलनाम. पर्सी लँबर्ट यांनी १५ फेब्रुवारी १९१३ रोजी ब्रुकलँड्झ येथे टॅल्बट गाडीने एका तासात १०३.८४ मैल (सु. १६७ किमी.) अंतर कापले. तासात शंभर मैलांची मर्यादा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती.

सनबीम, टॅल्बट व दारॅक या कंपन्या १९२० मध्ये एकत्र आल्या आणि नावांचा घोटाळा सुरू झाला. दारॅकच्या फ्रान्समधील कारखान्यात तयार झालेल्या गाड्या तेथे ‘टॅल्बट’ (फ्रेंच उच्चार ताल्बो) म्हणून, तर ब्रिटनमध्ये ‘दारॅक’ म्हणून विकल्या जात. त्यामुळे ब्रिटिश व फ्रेंच टॅल्बट वेगळ्या समजाव्या लागतात. ब्रिटिश गाड्यांचे अभिकल्पक झॉर्झ रोश यांच्या ‘१४/४५’ या गाडीच्या नावात पहिला आकडा करआकारणीची व दुसरा प्रत्यक्ष अश्वशक्ती दर्शवितो. त्यांच्या ‘९०’ या गाडीने १९३० मध्ये व ‘१०५’ ने १९३१ आणि १९३२ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरा क्रमांक मिळविला.

१९३५ मध्ये ही कंपनी रूट्स समूहाने घेतली. १९३८ पासून वापरात असलेले ‘सनबीम-टॅल्बट’ हे जोडनाव १९५४ मध्ये बंद झाले. रूट्स समूह पुढे क्रायस्लरकडे गेला. क्रायस्लरचा यूरोपातील व्यवसाय प्यूजोने १९७८ मध्ये विकत घेतला व त्या गाड्यांना टॅल्बट हे नाव पुन्हा दिले. मात्र त्यामागे रोश यांची परंपरा उरली नव्हती. ‘टॅल्बट ॲरिझोना’ म्हणून आखलेली गाडी १९८५ मध्ये ‘प्यूजो ३०९’ या नावाने बाजारात आली. कॉव्हेंट्रीजवळील रायटन येथील कारखान्यात तयार झालेली ती पहिली प्यूजो होय. ३०५ नंतर ३०६ न येता एकदम ३०९ यावी, ही क्रमांकातील विसंगतीही या नामांतराचीच खूण आहे.

वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्यूजोच्या सहकार्याने १९९४ मध्ये कल्याण–शीळ मार्गावरील कारखान्यात ३०९ चे उत्पादन सुरू केले. तिची १,३६० घ. सेंमी. पेट्रोल व १,५२७ घ. सेंमी. डीझेल एंजिनांची रूपे होती. उदारीकरणानंतर भारतात आलेल्या पहिल्या परदेशी गाड्यांपैकी ती एक होती. परंतु कामगार-तंट्यामुळे उत्पादन विस्कळीत झाले व १९९७ मध्ये प्यूजो या उपक्रमातून बाहेर पडली. डोंबिवली परिसरात आता मोटारगाड्या तयार होत नाहीत. ‘प्रीमियर मैदान’ या स्थलनामात मात्र कारखान्याची स्मृती टिकून आहे. व्यापारनाम वस्तूहून दीर्घायुषी असते आणि वस्तूही कधी मूळ नावावाचून जगते, या दोन्ही गोष्टी टॅल्बटच्या इतिहासावरून दिसून येतात.