सोशालिस्ट (साप्ताहिक)

सोशालिस्ट हे मुंबईहून प्रसिद्ध होणारे इंग्रजी साप्ताहिक होते. श्रीपाद अमृत डांगे यांनी ते ऑगस्ट १९२२ मध्ये सुरू केले. भारतातून निघालेले पहिले मार्क्सवादी नियतकालिक म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

पार्श्वभूमी
डांगे यांचा जन्म १८९९ साली नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील करंजगाव येथे झाला. असहकार चळवळीच्या काळात त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण सोडले. १९२१ मध्ये त्यांची 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिने प्रभावित झालेले मुंबईतील पीठगिरणीमालक रणछोडदास भवान लोटवाला यांनी साप्ताहिकासाठी आर्थिक साहाय्य केले. कामगारांची बाजू मांडणारे हे पत्र अशा रीतीने एका गिरणीमालकाच्या पाठबळावर उभे राहिले.

भूमिका
समाजवादी विचारांचा परिचय आणि राष्ट्रीय चळवळीच्या धोरणांची चिकित्सा हे साप्ताहिकाचे मुख्य विषय होते. राजकीय स्वातंत्र्याला आर्थिक समतेची जोड हवी, ही त्यामागची धारणा होती. सप्टेंबर १९२२ मध्ये त्यातून काँग्रेस अंतर्गत समाजवादी श्रमिक पक्ष स्थापन करण्याची कल्पना मांडण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात मानवेंद्रनाथ रॉय यांनी बर्लिनहून 'व्हॅनगार्ड' हे पत्र सुरू केले होते. मात्र ते परदेशातून पाठवावे लागे. 'सोशालिस्ट' देशातच छापले जात होते.

कानपूर खटला
१९२४ मध्ये डांगे यांना कानपूर बोल्शेविक कट खटल्यात अटक झाली. रॉय यांच्याशी झालेला व सरकारने टपालातून हस्तगत केलेला पत्रव्यवहार हा खटल्यातील प्रमुख पुरावा होता. मे १९२४ मध्ये डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. डांगे १९२७ मध्ये सुटले.

मर्यादा व महत्त्व
इंग्रजी भाषेमुळे साप्ताहिकाचा वाचकवर्ग सुशिक्षितांपुरता मर्यादित होता. ज्यांच्याविषयी ते लिहीत असे, त्या गिरणी कामगारांपैकी बहुतेकांना ते वाचता येणे शक्य नव्हते. ही उणीव १९२७ मध्ये सुरू झालेल्या, कामकरी-शेतकरी पक्षाच्या 'क्रांती' या मराठी साप्ताहिकाने काही अंशी भरून काढली. १९२८ च्या मुंबईतील प्रदीर्घ गिरणी संपाच्या वेळी कामगारांशी त्यांच्याच भाषेत बोलणारे मुखपत्र त्यामुळे उपलब्ध होते. पैसा कोणाचा, भाषा कोणाची आणि सरकारी दडपणापुढे टिकायचे कसे, हे 'सोशालिस्ट'पुढे उभे राहिलेले प्रश्न नंतरच्या स्वतंत्र डाव्या पत्रकारितेलाही चुकले नाहीत.