अलीकडच्या किनाऱ्यावरून डिव्हाईन

विव्हियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाईन या रॅपरचा 'कोहिनूर' हा पहिला पूर्ण अल्बम ऑक्टोबर २०१९मध्ये आला. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला 'गली बॉय' हा सिनेमा प्रदर्शित झाला होता आणि अलिबागकडच्या हळदींत, डीजेवर एकवीरा आईच्या दोन गाण्यांच्या मध्ये, त्यातलं 'अपना टाइम आयेगा' वाजू लागलं होतं. ते गाणं डिव्हाईन आणि अंकुर तिवारी यांनी लिहिलेलं. नाचणाऱ्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण मंडपाबाहेर मोटारसायकलींवर रेलून बसलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं ते गाणं नाचत नव्हती, तोंडपाठ म्हणत होती. कोळीगीतांच्या या किनाऱ्यावर गाणं नाचण्यासाठी असतं. त्याचे शब्द असे लक्ष देऊन कुणी म्हणताना मी फार वर्षांनी पाहिलं.

'कोहिनूर' येईपर्यंत डिव्हाईन नवखा राहिला नव्हता. अंधेरीच्या जे. बी. नगरातलं घर, आई परदेशात नोकरीला, सांभाळ आजीकडे. शाळेतल्या मित्राच्या टी-शर्टवर ५० सेंट या अमेरिकन रॅपरचं चित्र पाहिलं आणि हा नाद लागला. सुरुवातीला तो इंग्रजीतच रॅप करायचा, श्रद्धेची गाणी लिहायचा. त्याचं नावही तिथूनच आलं. मग त्याने इंग्रजी सोडली आणि जे. बी. नगरच्या नाक्यावर ज्या हिंदीत शिव्या दिल्या जातात, उधारी मागितली जाते, तीच वहीत उतरवली. २०१३चं 'ये मेरा बॉम्बे' त्यातून आलं. पुढल्याच वर्षी कुर्ल्याच्या नेझीने आयपॅडवर 'आफत' रेकॉर्ड केलं, चित्रीकरणही त्याच आयपॅडवर. २०१५मध्ये दोघांचं 'मेरे गली में' आलं आणि चार वर्षांनी झोया अख्तरने या दोघांच्या आयुष्यावर बेतलेला 'गली बॉय' काढला. सिनेमाने या पोरांना देशभर पोचवलं हे खरं. तरी या सगळ्या काळातली मोठी घटना मला तो सिनेमा वाटत नाही. एका मुलाने उसनी भाषा खाली ठेवली आणि घराबाहेरची उचलली, ती वाटते.

ती निवड 'कोहिनूर'मध्ये पिकली. अमेरिकेतल्या नाझ या रॅपरशी जोडलेल्या मास अपील या कंपनीने २०१९मध्ये भारतात शाखा काढली, त्या शाखेचा पहिला कलाकार डिव्हाईन. हाताशी पैसा आला होता, सिड श्रीरामसारखा गायक 'टू हाइप'मध्ये सोबतीला होता, 'वाइब है'मध्ये आवृत्ती, डी'एव्हिल आणि शाह रूल ही मित्रमंडळी होती. असं सगळं जुळून आलं की पहिलाच अल्बम अंगावर घातलेल्या सोन्यासारखा नुसता चकाकतो. 'कोहिनूर' तसा झाला नाही. 'गांधी मनी'त नोटेवरच्या गांधींना साक्षीला घेऊन तो पैशाविषयी बोलतो, आणि 'रिमांड' हा शब्द तर पोलिस चौकीच्या बाकावर बसलेल्यांच्या तोंडातला. 'चल बॉम्बे' मी मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत पहिल्यांदा ऐकलं. गाणं ज्या शहरात बोलावत होतं ते समोर, खाडीपलीकडे धुरकट दिसत होतं. मुंबईला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासळी, भाजी, तांदूळ आणि माणसं पुरवली. त्या शहराची इतकी उघडी, बिनरंगवलेली हाक आमच्याकडे याआधी कुठल्याच गाण्यातून आली नव्हती.

पुढचं वर्ष विसरण्यासारखं नाही. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि काही दिवसांतच टाळेबंदी आली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या मुळासकट झोपल्या, कौलं उडाली, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं घेतं, म्हणजे एका दुपारी एका घराची पुढली सहा-सात वर्षं पडली. त्या डिसेंबरात डिव्हाईनचा दुसरा अल्बम 'पुण्य पाप' आला. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम हेच. 'मिर्ची' सगळीकडे वाजलं, पण अल्बमचा जीव आहे तो शीर्षकगीतात आणि '३:५९ एएम'मध्ये. नाव झालेला, पैसा मिळालेला, गल्लीतून बाहेर पडलेला माणूस पहाटे जागा आहे आणि आपल्या कर्माचा हिशेब मांडतो आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाची पापाची जाणीव त्यात आहे, पण ती ऐकणाऱ्याला परकी वाटत नाही. पहिल्या अल्बमपेक्षा आवाज खाली आलेला, शब्द थांबून टाकलेले.

त्यानंतर 'व्हाइट टायगर' सिनेमासाठी पुशा टी आणि व्हिन्स स्टेपल्सबरोबरचं 'जंगल मंत्र', सिद्धू मूसेवालाबरोबरचं 'मूसड्रिला', आणि नोव्हेंबर २०२२मध्ये तिसरा अल्बम 'गुनहगार'. 'बाजीगर'मध्ये आर्मानी व्हाइट हा अमेरिकन रॅपर आहे. सगळं कसदार, घोटलेलं. पण मला त्यात जे. बी. नगर लांबून दिसतं, आठवणीतलं असल्यासारखं. प्रस्थापित झालेल्या कलाकाराच्या वाट्याला हे येतंच आणि त्यावरून त्याला बोल लावणं मला पटत नाही. माणूस जिथे राहतो तिथलं लिहितो.

आमच्या पोरांनी मात्र नेमकं हेच त्याच्याकडून घेतलं नाही. गावातला एक मुलगा शनिवार-रविवारी फार्महाऊसवरच्या पार्ट्यांना वाढपी म्हणून जातो आणि बाकीचे दिवस रॅप लिहितो. यूट्यूबवरून बीट उतरवायचा, एका कानात इअरफोन, दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका. सोळा बारांचं एक कडवं त्याने मला बंधाऱ्यावर बसून म्हणून दाखवलं. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द ठेक्याच्या मागे ठेवायचा, कुठे चाल दुप्पट करायची, सगळं त्याला उत्तम जमतं. पण कडव्यात गल्ली होती, हवालदार होता, रिमांड होता, लोकल होती. त्याने रिमांड पाहिलेला नाही. त्याच्या घरासमोर गल्ली नाही, आळी आहे, आणि आळी संपते तिथे खाजण सुरू होतं. मध्येच आईचा फोन आला आणि तो घरच्या बोलीत शिरला. पाण्याचं पानी झालं, मासळीची मासली झाली, आणि त्या दोन मिनिटांत त्याच्या बोलण्याला जो ठेका आला तो कडव्याला नव्हता. डिव्हाईनने परकी भाषा सोडून आपली धरली. आमच्या मुलांनी डिव्हाईनची भाषा उचलली, त्याचं ते धाडस उचललं नाही.

आपल्या बोलीत रॅप होऊ शकतो याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. 'स्वदेसी' या मुंबईच्या चमूत एमसी मवाली मराठीतून लिहितो, एमसी तोडफोड गुजरातीतून लिहायचा. मार्च २०२२मध्ये चोविसाव्या वर्षी तोडफोड गेला तेव्हा एक फार मोठा आवाज बंद पडला. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडी बोली बेधडक रॅपमध्ये आणतो. पुण्याच्या एमसी स्टॅनने २०२०च्या 'तडीपार'मध्ये आपल्या वस्तीचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. २०२४मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच कंपनीकडून जगभर गेलं, तेही मराठीतच. आणि 'कोहिनूर'च्याच वर्षी 'स्वदेसी'ने 'द वारली रिव्होल्ट' काढलं, त्यात आरेतल्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईरांचा आवाज आहे. त्यांचं वारली गाणं मध्ये सजावटीला घेतलेलं नाही, सगळा रॅप त्या आवाजाच्या आधाराने उभा आहे. गाणं आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रात्री आरेतल्या झाडांवर करवती चालल्या.

आमच्याकडे असा आवाज आजही आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते, धवले गात लग्नाचे विधी तीच चालवते. संथ, एका सुरात, ओळीवर ओळ रचत जाणारं ते गाणं वाद्याशिवाय उभं राहतं. आता हळदीला डीजे लागतो आणि धवलारणीला लवकर आटपायला सांगतात. तिचा धवला आणि त्यावर चढलेला नव्या मुलाचा रॅप, ही जोडी मला 'द वारली रिव्होल्ट' ऐकल्यापासून छळते आहे.

विषय तर पायाशी पडलेत. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी नांगर खाली ठेवला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सहा वर्षं जमीन पडीक ठेवून लोकांनी जंगलातली लाकडं विकून पोट भरलं. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासई-दास्तान परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. जमिनीच्या मोबदल्यातले 'साडेबारा टक्के' हे शब्द उरण-पनवेलच्या घराघरांत त्यातून आले. त्याच दि. बां.चं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला मिळावं म्हणून जून २०२१मध्ये हजारोंनी मानवी साखळी केली, आणि तिच्यात 'पुण्य पाप' ऐकणाऱ्या वयाची मुलंही हात धरून उभी होती. जानेवारी २०२४मध्ये मुंबईला जोडणारा अटल सेतू उघडल्यापासून भाताच्या खाचरांत फिरणारे दलाल वाढलेत. कुणाचा सातबारा कुणाच्या नावावर चढला, कुठल्या कुंपणामुळे खाडीवर जायची वाट बंद झाली, हे शनिवारी फार्महाऊसवर वाढपी म्हणून जाणाऱ्या मुलाइतकं कुणाला ठाऊक असणार? तो ट्रे घेऊन त्या कुंपणाच्या आतच उभा असतो.

मी त्याला एवढंच म्हटलं, की 'कोहिनूर' पुन्हा ऐक आणि त्यात जागांची नावं किती येतात ते बघ. मग आपल्या नावांची यादी कर. यादी त्याने केली आहे. मांडवा, रेवस, थळ, वरसोली, साखर, आग्राव, रेवदंडा, कोर्लई. कडवं अजून हिंदीतच आहे. पण धवला रेकॉर्ड करायला मोबाइल कुठे धरायचा, हे त्याने आपण होऊन विचारलं.