दान गुप्त, हिशेब उघड

या हाताचे त्या हाताला कळू नये, असे दान आपल्याकडे श्रेष्ठ मानले जाते. आजी पदराची गाठ सोडते, घामेजलेली नोट कपाळाला लावते आणि दानपेटीच्या फटीतून आत सारते. पावती नको, नाव नको. मात्र सरकारी भाषेत तिच्या नोटेला ‘निनावी देणगी’ म्हणतात. आणि पैसा निनावी म्हटला की आयकर खात्याचे कान टवकारले जातात.

खात्याचा संशय निराधार आहे असे नाही. न्यासाच्या नावाखाली काळा पैसा ‘देणगी’ म्हणून फिरवून पांढरा करता येतो. म्हणून २००६ च्या वित्त कायद्याने निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसवला. निव्वळ धार्मिक संस्था मात्र त्यातून वगळल्या, कारण दानपेटीपाशी वही घेऊन प्रत्येक भाविकाचे नाव कोण लिहिणार? धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामे करणाऱ्या संस्थांनाही सूट मिळाली. फक्त त्यांच्या रुग्णालयासाठी किंवा शाळेसाठी म्हणून दिलेली निनावी रक्कम त्यातून वगळली. निव्वळ धर्मादाय संस्थांना मात्र थोडी मर्यादा सोडली तर कर लागू झाला.

कागदावर हे वर्गीकरण सोपे वाटते. पण शिर्डीसारख्या ठिकाणी त्याची कसोटी लागली. साईबाबा दक्षिणा मागून घेत आणि वाटून टाकीत. त्यांच्या नावाचे संस्थान आज मंदिर सांभाळते, रुग्णालये चालवते आणि प्रसादालयात हजारोंना जेवू घालते. आयकर खात्याचे म्हणणे असे पडले, की या संस्थेचा धार्मिक कामांवरचा खर्च अगदी किरकोळ. तेव्हा ती धर्मादाय आहे, तिने निनावी देणग्यांवर कर भरावा. संस्थान म्हणाले, आम्ही दोन्ही आहोत. अपिलीय न्यायाधिकरणाने संस्थानाच्या बाजूने कौल दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

खात्याच्या युक्तिवादाचा अर्थ काय होतो, हे जरा थांबून पाहण्याजोगे आहे. पैसा आरती-उत्सवांत खर्च केला तर संस्था धार्मिक, म्हणून करमुक्त. तोच पैसा रुग्णांवर आणि भुकेल्यांवर खर्च केला, तर ती कमी धार्मिक ठरते, म्हणून करपात्र! आपल्या भाषेने मात्र ‘दानधर्म’ असा एकच शब्द घडवला आहे. इतकेच कशाला, न्यासांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही आपण ‘धर्मादाय’ आयुक्तच म्हणतो. भुकेल्याला अन्न देणे हा धर्म की समाजसेवा, हा प्रश्न आपल्या आजीला कधी पडला नाही. तो करनिर्धारण अधिकाऱ्याला पडला.

पुढे २०२५ मध्ये आयकराचा कायदाच नव्याने लिहायला घेतला, तेव्हा पहिल्या मसुद्यात दोन्ही कामे करणाऱ्या संस्थांची ही सूट गळून पडली होती. संसदेच्या प्रवर समितीने त्यावर बोट ठेवले आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या सुधारित विधेयकात ती परत आली. मसुद्यातली एखादी ओळ गळाली, तर किती रुग्णखाटांचा आणि किती पंगतींचा हिशेब बदलतो, हे यावरून ध्यानात यावे.

मग देवस्थानांना सरकारने हातच लावू नये काय? असे मुळीच नाही. घटनेच्या २६व्या कलमाने धर्मसंप्रदायांना आपल्या धार्मिक बाबी स्वतः पाहण्याचा हक्क दिला. पण मालमत्तेचा कारभार कायद्यानुसारच करायचा, असेही तिथेच सांगितले. पूजा कशी करावी ते सरकारने सांगू नये. पैशाचे काय झाले ते मात्र जरूर विचारावे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण आणले ते याचसाठी. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ असून तिच्यावर आयकर आकारता येतो, असा निर्वाळा दिला. देवही वहीखात्याबाहेर नाही, तर विश्वस्तांची काय कथा!

शिवाय सवलत म्हणजे तिजोरीने सोडलेला पैसा. तो तुमचा-आमचा आहे; देवळात जाणाऱ्याचा तसाच न जाणाऱ्याचाही. म्हणूनच करमुक्तीसाठी उत्पन्नातला ८५ टक्के भाग संस्थेच्या हेतूंसाठी वापरण्याची अट कायद्यात आहे.

हा नियम सरकारलाही लागू व्हावा. शिर्डीचा कारभार २००४ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतो आणि तिथली व्यवस्थापन समिती राज्य सरकार नेमते. हिशेब मागणारा आणि कारभारी नेमणारा एकच असेल, तर त्याने आपल्या माणसांकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे.

प्रत्येक उत्सवानंतर दानपेटीत किती कोटी जमले, किती सोने आले, याच्या बातम्या आपण चवीने वाचतो. त्यातले किती, कशावर खर्च झाले, हे सहसा कुणी विचारत नाही. देणाऱ्याचे नाव गुप्त राहू द्या. ती त्याची श्रद्धा. घेणाऱ्याची वही मात्र उघडी हवी, आणि ती उघडायला लावण्याचा अधिकार एका रुपयाच्या दात्यालाही आहे.