घाम कमी येणाऱ्यांनी उन्हाळा कसा काढावा?

एप्रिल-मेमध्ये दवाखान्यात घामाच्या तक्रारी रोज ऐकायला मिळतात. घाम फार येतो, कपड्यांना वास येतो, घामोळे उठले आहे. "मला घामच येत नाही" असे मात्र क्वचितच कोणी सांगते. ज्याला घाम येत नाही तो वेगळ्याच शब्दांत बोलतो. अंगातून वाफा निघतात, डोके ठणकते, रानात तासभरही उभे राहवत नाही, आणि सारखा सावलीला जाऊन बसतो म्हणून घरचे आळशी म्हणतात. रुग्ण लहान मूल असेल तर आई सांगते, "डॉक्टर, याला दर उन्हाळ्यात ताप येतो आणि औषधाने उतरतच नाही."

ही तक्रार समजून घ्यायची तर माठ डोळ्यांसमोर आणा. नवा माठ बाहेरून ओलसर दिसतो. पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठाची छिद्रे क्षाराने बुजतात. असा माठ बाहेरून कोरडा राहतो आणि पाणी काही गार होत नाही. घाम न येणाऱ्या माणसाचे शरीर म्हणजे हा बुजलेला माठ. त्यात कितीही पाणी भरले तरी तो गार होणार नाही, पण बाहेरून ओले फडके गुंडाळले तर होईल. पुढचा बराचसा सल्ला या एका गोष्टीवर आधारलेला आहे.

आपल्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. तेवढ्या उष्णतेत साधे सात लिटर पाणी उकळीपर्यंत नेता येईल. उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम सहज येतो. हवा त्वचेपेक्षा गरम असेल, म्हणजे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल, तर शरीराकडे थंड होण्याचा घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात पारा त्याच्या बराच वर असतो, हे वेगळे सांगायला नको.

जन्मापासून घाम न येणारी मुले

काही मुलांमध्ये घर्मग्रंथी जन्मतःच फार कमी असतात किंवा नसतातच. या आजाराचे नाव एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. त्वचा, केस, दात आणि घर्मग्रंथी गर्भाच्या एकाच थरापासून तयार होतात, म्हणून त्या सगळ्यांत एकदम दोष दिसतो. डोक्यावरचे केस विरळ आणि फिकट, भुवया जवळजवळ नाहीत, डोळ्यांभोवतीची त्वचा सुरकुतलेली. दात उशिरा येतात, थोडेच येतात आणि पुढचे दात सुळ्यासारखे टोकदार असतात. बुद्धी मात्र बहुतेक मुलांची अगदी इतरांसारखी असते.

दात यायच्या आधी हे ओळखणे अवघड असते, आणि सगळ्यात जास्त धोकाही त्याच वयात असतो. बाळ तापते, तापाचे औषध दिले जाते, उपयोग होत नाही, मग अँटिबायोटिक, मग दुसरे अँटिबायोटिक. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू शरीराचे तापमान मुद्दाम वर नेतो आणि पॅरासिटामॉल त्या मेंदूच्या आदेशावर काम करते. इथे मेंदूने आदेश दिलेलाच नसतो. उष्णता बाहेर पडायला वाट नाही म्हणून बाळ तापलेले असते, त्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.

त्यात आपल्याकडची एक समजूत घात करते. "घाम फुटला की ताप उतरतो" म्हणून तापलेल्या बाळाला टोपडे, स्वेटर आणि वरून दुपटे गुंडाळतात. खिडक्या बंद करतात, गार पाणी लावू देत नाहीत. कोणत्याही बाळासाठी हे चूकच आहे, पण ज्याला घाम फुटणारच नाही त्या बाळासाठी ते जिवावर बेतू शकते. आजीची माया खरी असते, म्हणून तिला रागावण्यापेक्षा थर्मामीटर दाखवलेला बरा. कपडे काढून, ओल्या फडक्याने अंग पुसून, वारा घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पारा उतरताना तिनेच पाहिला की पुढच्या वेळी ती स्वतः फडके भिजवते.

याचा अर्थ प्रत्येक ताप उष्म्याचाच समजा असा नाही. या मुलांच्या नाका-घशातल्या ग्रंथीही कमी असल्याने नाकात खपल्या धरतात आणि छातीचे संसर्ग जास्त होतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल तर कारण काहीही वाटो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मोठ्या मुलातही गार केल्यावर ताप पुन्हा पुन्हा चढत असेल, मूल पीत नसेल किंवा धाप लागत असेल तर तपासणी हवीच.

हा आजार आपल्या भागाला नवा नाही. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या कुटुंबात चार पिढ्यांत दहा पुरुषांना थोडेच दात होते, अंगावर केस कमी होते, टक्कल लवकर पडत असे आणि उन्हाळ्यात त्वचेच्या कोरडेपणाचा फार त्रास होई. मुली मात्र निरोगी, पण त्यांच्या मुलांमध्ये आजार उतरे. डार्विनला कारण माहीत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो.

इथे थोडे थांबतो, कारण या ठिकाणी घराघरांत सुनेला बोल लावला जातो. आईकडे एक्स गुणसूत्रे दोन असतात. एक सदोष असले तरी दुसरे बरेचसे भागवून नेते, म्हणून तिला त्रास कमी असतो. एखादा दात जन्मतः नसणे, केस विरळ असणे, अंगाच्या काही पट्ट्यांत घाम कमी येणे, एवढेच. मुलाकडे एक्स एकच, म्हणून त्याला पूर्ण त्रास. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार असण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. हा नाण्याचा कौल आहे. गरोदरपणात तिने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा काडीइतका संबंध नाही. काही वेळा तर आई वाहकही नसते, बदल बाळातच नव्याने झालेला असतो.

आपल्या सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. आजार असलेल्या पुरुषाचे मुलगे या जनुकापासून मुक्त असतात, पण सगळ्या मुली वाहक असतात. म्हणजे मामाला हा आजार असेल तर त्याची मुलगी वाहक असणारच, मग ती भाच्याला द्या नाहीतर परक्या घरात. भाच्यालाही आजार असेल तर मात्र या दोघांच्या मुलींनाही पूर्ण आजार होऊ शकतो. शिवाय या आजाराचा दुसरा एक प्रकार आई-वडील दोघांकडून येतो आणि तो नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो. घरात असे मूल असेल तर लग्नाची बोलणी होण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा.

दातांसाठी मोठे होण्याची वाट पाहू नका. साधारण तिसऱ्या वर्षापासून लहान कवळी बसवता येते आणि वाढीप्रमाणे बदलता येते. मूल नीट चावते, स्पष्ट बोलते आणि शाळेत चिडवाचिडवी कमी होते. सांगली आणि कराडमध्ये दंत महाविद्यालये आहेत, तिथे हे काम होते. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांनाही "याला घाम येत नाही" हे आपणहून सांगा. उघड्या तोंडाकडे आणि विरळ केसांकडे त्यांचे लक्ष जाईल, घामाबद्दल कदाचित कोणी विचारणार नाही.

मोठेपणी घाम कमी झाला तर

आधी औषधांची पिशवी पाहा. घर्मग्रंथींना अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाकडून इशारा मिळतो आणि बरीच औषधे तो इशारा अडवतात. कंपवातासाठी आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांसोबत दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, झोप व नसांच्या दुखण्यासाठीचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन ही नेहमीची नावे. फिट्स आणि अर्धशिशीसाठीचे टोपिरामेट वेगळ्या मार्गाने घाम कमी करते, विशेषतः मुलांमध्ये. यातले कोणतेही औषध मनाने बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवणे उन्हापेक्षा धोक्याचे आहे. डॉक्टरांशी बोलून डोस किंवा वेळ बदलता येते.

मधुमेहात पायांच्या नसा बिघडल्या की तळव्यांना घाम येणे थांबते आणि टाचांना भेगा पडतात. अशा वेळी छाती-पाठीला उलट जास्त घाम येतो, त्यामुळे "मला तर खूप घाम येतो" असे सांगणाऱ्याचेही पाय कोरडे असू शकतात. पाय रोज पाहा, तेल किंवा मलम लावा, अनवाणी चालू नका. मोठ्या भाजण्याच्या व्रणावर घाम येत नाही. फार पसरलेले घामोळे बरे झाल्यावरही काही आठवडे तिथल्या ग्रंथी बंद राहतात.

एक खूण मात्र कधीच सोडू नका. कामाने सगळे अंग घामाने भिजले आहे आणि एखादा फिकट चट्टा कोरडाच राहतो, तिथे स्पर्शही कमी कळतो, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे आणि लवकर सुरू केले तर विकृती टळते.

कामाचाही विचार करावा लागतो. खानापूर-विटा-आटपाडी भागातली हजारो माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. छोट्या खोलीत भट्टीसमोर बसण्याचे ते काम. गुऱ्हाळातले काहिलीजवळचे काम तसेच. घाम कमी येणाऱ्या तरुणाने ही कामे निवडू नयेत, असे मी स्पष्टच सांगतो. घरचा धंदा असेल तर त्याने हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळावे.

पाणी पोटात आणि पाणी अंगावर

घाम येत नसेल तर घामावाटे पाणी-मीठही जात नाही. त्यामुळे तहानेपुरते आणि थोडे जास्त पाणी प्यावे, पण चार लिटर पाणी आणि ओआरएस पिऊन उन्हात गेले तर चालेल हा समज चुकीचा आहे. पाणी त्वचेवर लागले पाहिजे. सुती बनियन भिजवून, पिळून अंगात घाला, वरून सैल सदरा. डोक्यावर ओली टोपी, गळ्यात ओला पंचा. फवाऱ्याची छोटी बाटली खिशात. वाळले की पुन्हा भिजवा, अगदी कोरड्या हवेत हे वीस मिनिटांनीही करावे लागते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी चटका बसेल इतके तापते, म्हणून सकाळीच एक बादली भरून सावलीत ठेवा.

नुसत्या पंख्यावर भरवसा नको. चाळीस अंशांत कोरड्या अंगावर पंखा म्हणजे गरम हवेचा झोत. अंग ओले करून मग पंखा लावला तर उत्तम. जत किंवा माणच्या कोरड्या हवेत ओले कापड आणि साधा कूलर चांगले काम देतात, एसी असलाच पाहिजे असे नाही. कोकणात किंवा मुंबईकडे पाहुणे म्हणून गेलात तर हिशेब बदलतो. दमट हवेत पाणी उडत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांना घाम न येण्याचा आजार नव्हता. अशा ठिकाणी गार पाण्याची आंघोळ, सावली आणि शक्य तर एसीची खोली हेच उपाय. शिखर शिंगणापूरची चैत्र यात्रा किंवा लोणंद-फलटणच्या वाटेवरची वारी करायची असेल तर पहाटेच्या टप्प्यापुरते चाला, दुपारी नाही.

जन्मजात आजारात घर्मग्रंथी नंतर तयार करता येत नाहीत. जर्मनीत एर्लांगेन येथे गर्भजलात प्रथिनाचे इंजेक्शन देऊन जन्मलेल्या बाळांना घाम येऊ लागल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यात आहेत आणि जन्मानंतर उपयोगाचे नाहीत. "घाम आणणारे" चूर्ण किंवा काढे विकणाऱ्यांपासून लांब राहा.

अंग १०४ अंशांवर गेले, माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, उलट्या झाल्या किंवा झटका आला तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, भरपूर गार पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत आणि जांघेत गार पट्ट्या ठेवा. गाडीतही हे चालू ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काही पाजू नका.

मुलाच्या शाळेसाठी आपल्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी दर जूनला आणि सकाळची शाळा सुरू होताना पुन्हा घ्या. मी साधारण असा मजकूर देतो: "या विद्यार्थ्याच्या शरीरात घाम पुरेसा तयार होत नाही, त्यामुळे त्याचे अंग लवकर तापते. त्याला खिडकीजवळ, पंख्याखाली बसवावे. वर्गात पाण्याची बाटली, ओला रुमाल व टोपी वापरू द्यावी. विचारल्यावर लगेच नळावर जाऊ द्यावे. मैदानावरचा तास व कवायत सकाळी लवकर किंवा सावलीत असावी. तो लाल झाला, गप्प झाला किंवा डोके दुखते म्हणाला तर प्रथम अंग ओले करून वारा घालावा, मग पालकांना फोन करावा."