पुन्हा प्यायला, म्हणजे सगळं संपलं का?

सहा महिने दारूला न शिवलेला माणूस एखाद्या लग्नात दोन पेग घेतो. घरचे म्हणतात, "झालं, सगळं पाण्यात गेलं." त्यालाही ते पटतं आणि मग तो आठवडाभर पीतच राहतो. त्या दोन पेगांपेक्षा 'आता संपलंच' या समजुतीने केलेलं नुकसान कितीतरी मोठं असतं. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, नेमकी इथे कामाला येते.

या उपचाराबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तो रुग्णाला समजून घेत घेत पिण्याची मोकळीक देतो. खरं तर डीबीटी पूर्ण बंदच मागते. वर्षभराचा निश्चय झेपत नसेल तर आजचा दिवस, तोही जड जात असेल तर पुढचा तास. पण त्याच वेळी पाय घसरला तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवलं जातं: फोन कुणाला करायचा, उरलेली बाटली लगेच कशी ओतून टाकायची, आणि प्यायच्या आधी भांडण, पगाराचा दिवस, जुना मित्र असं काय काय घडलं ते थेरपिस्टसोबत पायरी पायरीने कसं उलगडायचं. निश्चयही पक्का आणि तयारीही पक्की. घरच्यांना हे विसंगत वाटतं, पण माझ्या मते या पद्धतीचं बळ त्यातच आहे.

"नुसत्या गप्पांनी दारू सुटते का?" असंही विचारलं जातं. नुसत्या गप्पा नसतातच. रुग्ण रोज एका तक्त्यात तलफ किती होती, काय घेतलं, मनःस्थिती कशी होती, कोणतं कौशल्य वापरलं हे भरतो. तलफ अनावर झाली की श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात काही सेकंद बुडवायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात आणि विचार करायला थोडी उसंत मिळते. (हृदयविकार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.)

थेरपी सुरू केली की औषधं नकोत, हा समज तर धोक्याचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डीबीटी घडवणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनीही 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या स्त्रियांना थेरपीच्या जोडीला पर्यायी औषध दिलं होतं.

मात्र ही थेरपी सरसकट प्रत्येक व्यसनी माणसासाठी नाही. ती मुळात वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी उभी राहिली. व्यसनाच्या जोडीला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे भावनांचे टोकाचे चढउतार आणि स्वतःला इजा करण्याची ओढ असेल, तिथे तिच्या उपयोगाचा पुरावा अधिक भक्कम आहे. पूर्ण डीबीटीत दर आठवड्याचं वैयक्तिक सत्र, कौशल्यांचा गटवर्ग आणि अडचणीच्या क्षणी फोनवर मदत असं सगळं येतं. केंद्र निवडताना यातलं काय काय मिळणार, हे स्पष्ट विचारून घ्या.

आणि घरातलं कुणी पुन्हा प्यायलं असेल तर बोल लावण्याआधी त्याच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला फोन करा. कुणीच ओळखीचं नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 या क्रमांकावर निःशुल्क आहे.