जुने जीपीएस यंत्र बदलावे काय?

सत्तरी, सांगे यांसारख्या तालुक्यांतील रानावनांत काम करणारे कर्मचारी, शाळांची निसर्गमंडळे व डोंगरभ्रमंती करणारे तरुण यांच्यापैकी काहींजवळ पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, हातात धरावयाची जीपीएस यंत्रे असतात. ती बदलावीत काय, याचा निर्णय यंत्राच्या वयावरून न करता त्याच्याकडून घ्यावयाच्या कामावरून करणे इष्ट होय.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांपैकी किमान चारांचे संदेश मिळाले की यंत्र आपले स्थान ठरविते. नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली जुने यंत्रही बहुधा दहा मीटरांच्या आत स्थान दाखविते.

खरी अडचण दाट झाडीत व अरुंद दऱ्यांत येते. तेथे आकाशाचा थोडाच भाग दिसतो. नवी यंत्रे जीपीएसबरोबरच रशियाच्या ग्लोनास व युरोपच्या गॅलिलिओ या प्रणालींचे, तर काही यंत्रे भारताच्या नाविक प्रणालीचेही संदेश घेतात; त्यामुळे तेवढ्याच आकाशात अधिक उपग्रह सापडतात.

दुसरी बाब दिनांकाची. जीपीएसमधील आठवड्यांची मोजणी दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये असे झाल्यापासून काही जुनी यंत्रे स्थान बरोबर, परंतु दिनांक सुमारे वीस वर्षांमागचा दाखवितात. वाट शोधण्यास त्याने बाध येत नाही. मात्र गस्तीची किंवा वनहक्क दाव्याच्या पाहणीची नोंद ठेवावयाची असल्यास हा दोष गंभीर ठरतो.

जुन्या भारतीय नकाशांचा आधार वेगळा असल्याने त्यांच्याशी जुळविताना शंभर मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. हा दोष यंत्राचा नव्हे. नवे यंत्र घेऊनही तो जाणार नाही. यंत्रातील नकाशाधार योग्य निवडावा लागेल.

यास्तव खरेदीपूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. ठाऊक असलेल्या एका ठिकाणी, प्रथम उघड्यावर व नंतर झाडीत, दहा-दहा मिनिटे थांबून अक्षांश-रेखांश टिपावेत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा टिपून ताडून पाहावेत. दिनांक, बॅटरीचे संपर्कबिंदू व संगणकास जोडावयाची तारही तपासावी. आकडे जुळले, तर खर्च करण्याचे कारण नाही. झाडीत स्थान हरवत असेल अथवा नोंदी संगणकात उतरत नसतील, तर नवे यंत्र घेणेच हिताचे होय.

जमिनीची कायदेशीर हद्द मात्र अशा कोणत्याही यंत्रावरून ठरवू नये. ते काम भूमापकाचेच आहे.