दुकान इंटरनेटवर (भाग ७) : नव्वद दिवसांचा दाखला

मे महिन्यातला शनिवार. दापोलीजवळ माझ्या मावसभावाच्या चार खोल्या आहेत, घरगुती राहण्या-जेवणाची सोय. सकाळी सातला त्याला पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, तुमची साइट हॅक झाली का? लाल त्रिकोण येतोय." पाठोपाठ आणखी दोन फोन. भाऊ आमरसासाठी आंबे पिळत होता, तशाच हातांनी त्याने मला फोन लावला.

हॅक वगैरे काही नव्हतं. साइटचं एसएसएल सर्टिफिकेट आदल्या रात्री संपलं होतं. साइट करून देणारा मुलगा मात्र शपथेवर सांगत होता, "दादा, ते आपोआप नवं होतं, मी स्वतः लावून दिलंय." गंमत म्हणजे तो खरं बोलत होता. ते कसं, हे पुढे येईलच.

गेल्या भागात आपण डोमेन आणि होस्टिंग घेतलं. म्हणजे गाळा झाला, पाटी लागली. आता गिऱ्हाईक साइटवर नाव, फोन नंबर, तारखा भरणार. पत्ता नुसत्या एचटीटीपीने सुरू होत असेल, तर एसटीत मोठमोठ्याने फोनवर बोलावं तशी ही माहिती उघड्यावरून जाते. वाटेत कोणी ती वाचू शकतो, बदलूही शकतो. एचटीटीपीएसमध्ये ती कुलूपबंद जाते. पण पेटी कुलूपबंद असूनही भलत्याच्याच हाती पडली तर काय उपयोग? म्हणून समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा आहे, हे तिसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा कागद म्हणजे सर्टिफिकेट. (एसएसएल हे नाव तसं कालबाह्य. त्याची शेवटची आवृत्ती १९९६ची, २०१५मध्ये तीही मोडीत निघाली. आज चालतं ते टीएलएस. पण सगळे एसएसएलच म्हणतात, मीही म्हणतो. वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं.)

पूर्वी हा कागद विकत घ्यावा लागे आणि लहान धंदेवाला सहसा घेतच नसे. २०१३ साली मोझिलातल्या जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला यांनी त्यासाठी एक ना-नफा संस्था काढली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्स्ली आणि मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांच्याही डोक्यात तेच चाललं होतं. सगळे एकत्र आले आणि 'लेट्स एन्क्रिप्ट' उभी राहिली. पहिलं सर्टिफिकेट सप्टेंबर २०१५मध्ये निघालं, डिसेंबरपासून ते कोणालाही फुकट मिळू लागलं. जुलै २०१८पासून क्रोमने साध्या एचटीटीपी साइटपुढे 'सुरक्षित नाही' असा शेरा मारायला घेतला, तेव्हा पळवाटही उरली नाही.

लेट्स एन्क्रिप्टला ना अर्ज लागतो, ना आधार कार्ड. तिचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला एक चिठ्ठी देतो आणि सांगतो, 'ही अमुक ठिकाणी लावून ठेव, मी येऊन बघतो.' येतो, चिठ्ठी दिसली की सर्टिफिकेट देतो. एवढंच! सुरक्षेच्या नावाखाली ८० क्रमांकाचा पोर्ट बंद करून बसणारे इथेच फसतात. चिठ्ठी बघायला येणारा त्याच दाराने येतो. दार उघडायचंच नसेल, तर डीएनएसमध्ये नोंद करून ओळख पटवण्याची दुसरी वाट आहे.

म्हणजे हा रहिवासी दाखला झाला. चारित्र्याचा नव्हे. या नावाचा ताबा या सर्व्हरकडे आहे, इतकंच तो सांगतो. मालक सज्जन आहे का, त्यावर तो गप्प. लबाडांच्या साइटलाही तो मिळतो. लोक पत्त्याशेजारचं कुलूप बघून निर्धास्त होत, म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

'फुकटचं एसएसएल कच्चं असतं, आमचं घ्या' असा फोन तुम्हालाही येईल. कुलूप तेवढंच पक्कं असतं. काही महागड्या प्रकारांत कंपनीची कागदपत्रं तपासतात हे खरं, पण कंपनीचं नाव पत्त्याच्या पट्टीत झळकवणं क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०१९मध्ये बंद केलं. चार खोल्यांच्या धंद्याला तो खर्च मी तरी सांगणार नाही. आधी होस्टिंगवाल्यालाच विचारा. बऱ्याच ठिकाणी फुकटचं सर्टिफिकेट आधीच लावलेलं असतं. फक्त 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू'सह आणि त्याशिवाय, दोन्ही नावं त्यात आहेत ना, आणि जुना एचटीटीपी पत्ता टाकला तरी माणूस एचटीटीपीएसवरच जातो ना, एवढं पाहून घ्या.

आता मावसभावाचं काय झालं? लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट नव्वद दिवसांचं. किल्ली चोरीला गेलीच तर नुकसान थोडक्यात आटपावं, आणि लोकांनी नूतनीकरण हाताने न करता यंत्रावर सोपवावं, म्हणून मुद्दाम इतकं कमी. त्या मुलाने सर्टबॉट नावाचा प्रोग्राम बसवला होता. त्याने इमानेइतबारे महिनाभर आधीच नवं सर्टिफिकेट आणून सर्व्हरवर ठेवलं होतं. पण वेब सर्व्हरला ते कोणी सांगितलंच नाही! एकदा सुरू झाला की तो हातातला कागद सोडत नाही. नवा घ्यायचा तर त्याला पुन्हा वाचायला लावावं लागतं. कपाटात नवा दाखला, हातात जुना. दुरुस्तीला अर्धा मिनिट लागला, दोष शोधायला सव्वा तास. आता नूतनीकरणापाठोपाठ सर्व्हरला जागं करणारी एक ओळ त्यात घातली आहे. सर्टबॉटला या सगळ्याची रंगीत तालीमही करायला सांगता येते. ती तालमीच्या सर्व्हरवरच करा. खऱ्या सर्व्हरकडून त्याच नावांची सर्टिफिकेटं आठवड्याला पाचच मिळतात, नंतर तो हात आखडता घेतो.

मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायची, तीही जून २०२५पासून बंद झाली. आणि मुदत आणखी आटणार आहे. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेटवाले यांच्या मंडळाने एप्रिल २०२५मध्ये ठरवलं, की विकतची असोत की फुकटची, सर्टिफिकेटं मार्च २०२९पासून जास्तीत जास्त ४७ दिवसांची. निवृत्तिवेतनवाल्यांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. साइटला तो आठ-दहा वेळा द्यावा लागेल. कालनिर्णयवर खूण करून भागणार नाही.

यंत्रावर सोपवलं तरी मधूनमधून डोकवावं. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारली की सर्टिफिकेट संपण्याची तारीख दिसते. सर्टबॉट नव्वदातले तीस दिवस उरले की नवं आणतो, तेव्हा तिथे वीस-पंचवीस दिवस शिल्लक दिसले तर समजावं, कुठेतरी अडकलंय.

भाऊ आता दर सोमवारी बघतो. परवा फोनवर म्हणाला, "एकाहत्तर दिवस आहेत. आणि शनिवारी मागची खोली रिकामी आहे, येतोस?"